मुंबई शहर उत्तर मतदारसंघ

भारताच्या पहिल्या लोकसभेसाठी (१९५२–५७) मुंबई बेटाच्या उत्तर भागात निर्माण करण्यात आलेला द्विसदस्य मतदारसंघ. यातील एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. या स्वरूपात त्याने एकच सार्वत्रिक निवडणूक पाहिली. १९५७ च्या निवडणुकीपूर्वी त्याची पुनर्रचना होऊन त्याचे नाव दुसऱ्याच एकसदस्य मतदारसंघाकडे गेले. अल्पायुषी असूनही भारतीय निवडणुकांच्या इतिहासात तो महत्त्वाचा ठरला, कारण राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जानेवारी १९५२ मध्ये येथे पराभव झाला. त्या पराभवाची कारणे शोधू गेल्यास तत्कालीन पक्षीय राजकारणाबरोबरच द्विसदस्य मतदानपद्धतीच्या रचनेपर्यंत जावे लागते. पुढे काही वर्षांतच संसदेने ही पद्धत रद्द केली.

द्विसदस्य मतदारसंघाची कल्पना स्वातंत्र्योत्तर काळातील नव्हे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचे ठरले. त्यानुसार १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक विधिमंडळांसाठी एकाहून अधिक सदस्य निवडणारे मतदारसंघ आखले गेले व त्यांतील एखादी जागा राखून ठेवण्यात आली. मुंबई प्रांतात अशा ठिकाणी संचयी मतदानाची मुभा होती. जितक्या जागा तितकी मते मतदारास मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्यास हरकत नसे. अल्पसंख्य पण संघटित गटाला ही पद्धत अनुकूल होती. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भायखळा व परळ या मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्या वेळी काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केलेले उमेदवार म्हणजे प्रख्यात गोलंदाज पळवणकर बाळू होत. म्हणजे १९५२ मध्ये ज्या कामगारवस्तीत डॉ. आंबेडकरांना अपयश आले, त्याच वस्तीने पंधरा वर्षांपूर्वी त्यांना विधिमंडळात पाठविले होते. मतदानाचा नियम मात्र मधल्या काळात बदलला होता.

नवा नियम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आला. त्यानुसार बहुसदस्य मतदारसंघातील मतदाराला जागांइतकी मते मिळत, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येत नसे. तसे कोणी केल्यास मोजणीच्या वेळी एक मत ग्राह्य धरून बाकीची रद्दबातल ठरविली जात. ही विभाजित मतदानाची पद्धत होय. मतदाराने सर्व मते वापरलीच पाहिजेत, अशी सक्ती मात्र कायद्यात नव्हती. हा अधिनियम संसदेत संमत झाला, त्या वेळी विधिमंत्रिपदावर स्वतः डॉ. आंबेडकर होते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत, मुख्यतः हिंदू संहिता विधेयकाच्या प्रश्नावर, ते नेहरू मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लगोलग याच अधिनियमाखालील पहिल्या निवडणुकीस उमेदवार म्हणून सामोरे गेले.

जागांचे वाटप कसे होई, हेही नीट ध्यानात घेतले पाहिजे. अन्यथा मुंबईच्या निकालाचा अर्थ लागत नाही. सर्व उमेदवार एकाच मतदारयादीपुढे उभे असत. मोजणीनंतर प्रथम राखीव जागा भरली जाई. अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते, तो त्या जागेवर विजयी होई, मग एकंदर क्रमात तो तिसरा असो वा चौथा. नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, त्यांची जात न पाहता, ज्याला सर्वाधिक मते त्याला सर्वसाधारण जागा मिळे. परिणामी अनुसूचित जातीचा उमेदवार सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शके, पण सर्वसाधारण उमेदवाराला राखीव जागा कधीही मिळू शकत नसे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य व एक, उत्तर बंगाल, त्रिसदस्य होता. मतदार बहुसंख्येने निरक्षर असल्याने प्रत्येक उमेदवारासाठी त्याच्या चिन्हाची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली होती. मतपत्रिकेवर कोणतीही खूण करावयाची नसे. ती पसंतीच्या पेटीत टाकली की मतदान झाले. ही व्यवस्था एका जागेपुरती अत्यंत सुबोध होती. द्विसदस्य मतदारसंघात मात्र मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. आयुष्यात प्रथमच मत देणाऱ्याला दोन्ही कागद एकाच आवडत्या पेटीत टाकावेसे वाटणे अगदी साहजिक होते. दोन मते दिली म्हणजे उमेदवाराला दुप्पट बळ मिळाले, अशी त्याची समजूत होई. प्रत्यक्षात त्यांतील एक मत वाया जाई.

मुंबई शहराला लागून असलेल्या भागासह तेव्हा तीन मतदारसंघ होते : मुंबई शहर दक्षिण, मुंबई शहर उत्तर आणि मुंबई उपनगर. दक्षिणेतून स. का. पाटील, तर उपनगरातून जयश्री रायजी हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. उत्तर मतदारसंघात परळ व आसपासचा गिरणगावाचा पट्टा आणि दादरसारखी मध्यमवर्गीय मराठी वस्ती यांचा समावेश होता. गिरणी कामगारांच्या चाळी, सरकारी इमारतींतील दलित वस्ती आणि पांढरपेशांची घरे अशी येथील मतदारांची घडण होती. कामगार चळवळीतील कम्युनिस्ट, समाजवादी, काँग्रेस व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या चारही प्रवाहांचे येथे पक्के ठाणे असल्याने लढत अटीतटीची होणार, हे उघड होते. डॉ. आंबेडकरांचे ‘राजगृह’ हे निवासस्थानही दादरचेच.

काँग्रेसतर्फे सर्वसाधारण जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी व राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर उभे राहिले. काजरोळकर हे जुने काँग्रेस कार्यकर्ते असून पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. समाजवादी पक्ष व फेडरेशन यांची युती होऊन अशोक मेहता आणि डॉ. आंबेडकर ही जोडी रिंगणात उतरली. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे सर्वसाधारण जागेसाठी स्वतंत्रपणे लढले. यांखेरीज इतर काही उमेदवार होते, तथापि त्यांचा निकालावर निर्णायक परिणाम झाला नाही.

युतीचा पाया गणिती होता. फेडरेशनच्या मतदाराने आपले दुसरे मत मेहतांना द्यावे व समाजवादी मतदाराने आंबेडकरांना द्यावे, असा तो हिशेब होता. काँग्रेसच्या प्रचारकाला एकाच पक्षासाठी दोन मते मागावयाची होती. युतीच्या प्रचारकाला मात्र दोन पक्षांची दोन निराळी चिन्हे, फेडरेशनचा हत्ती व समाजवाद्यांचे झाड, मतदाराच्या मनावर ठसवावी लागत होती. शिवाय सवर्ण समाजवादी मतदार पक्षाचा आदेश आला म्हणून दलित नेत्याच्या पेटीत मत टाकील काय, हा प्रश्न होता. आणि दलित मतदार आपल्या नेत्याखेरीज दुसऱ्या कोणाला मत देण्यास राजी होईल काय, हाही प्रश्न होताच.

प्रमुख उमेदवारांना मिळालेली मते अशी : गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. गांधी व काजरोळकर विजयी झाले. डॉ. आंबेडकर १४,५६१ मतांनी पराभूत झाले.

हे आकडे काळजीपूर्वक पाहण्यासारखे आहेत. एकंदर क्रमात अशोक मेहता दुसरे होते; काजरोळकरांपेक्षा त्यांना १,६०४ मते अधिक पडली होती. दोन जागांच्या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवूनही ते लोकसभेत जाऊ शकले नाहीत, कारण त्यांची स्पर्धा काजरोळकरांशी नव्हतीच, ती गांधींशी होती व तीत ते ९,३९७ मतांनी मागे पडले. दुसरे असे, की प्रत्येक जोडीतील राखीव जागेच्या उमेदवाराला आपल्या सहकाऱ्यापेक्षा कमी मते मिळाली. काँग्रेसच्या बाबतीत ही तूट ११,००१ मतांची, म्हणजे गांधींच्या मतांच्या सु. ७ टक्के होती. युतीच्या बाबतीत ती १६,१६५ मतांची, म्हणजे मेहतांच्या मतांच्या सु. ११·५ टक्के होती. डॉ. आंबेडकरांना मेहतांइतकीच मते पडली असती, तर ते थोड्या फरकाने का होईना निवडून आले असते. ही तूट निव्वळ स्वरूपाची आहे, हे खरे. काही मतदारांनी आंबेडकरांना मत देऊन मेहतांना दिले नसेल आणि त्याहून अधिकांनी उलट केले असेल. तरी युतीचे दुसरे मत पुरेसे फिरले नाही, एवढा निष्कर्ष या आकड्यांवरून निघतो.

मुंबईच्या राजकीय स्मृतीत मात्र या पराभवाचे खापर प्रामुख्याने कम्युनिस्टांवर फोडले जाते. द्विसदस्य पद्धतीबरोबर ‘मत कुजविणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. दुसरे मत कोणालाच न देणे, अथवा आपल्याच उमेदवाराच्या पेटीत टाकून ते जाणूनबुजून निकामी करणे, असा त्याचा अर्थ. डांगे यांच्या प्रचारकांनी मतदारांना दोन्ही मते त्यांच्याच पेटीत टाकण्यास सांगितले, असा आरोप झाला. डांगे यांना मिळालेल्या मतांशी तुलना करता आंबेडकरांच्या पराभवातील अंतर सु. १५ टक्के भरते. म्हणजे डांगे यांच्या दर सहा मतदारांपैकी एकाने जरी कुजविलेले मत आंबेडकरांना दिले असते, तरी निकाल फिरला असता. कम्युनिस्टांचे दुसरे मत आंबेडकरांना गेल्याने डांगे यांचे फारसे बिघडत नव्हते, कारण दोघांच्या जागा वेगळ्या होत्या. तेव्हा मत कुजविण्याचा आग्रह असलाच, तर त्यामागे निवडणुकीच्या गणितापेक्षा दोन चळवळींमधील दीर्घकालीन अविश्वास अधिक असावा. गिरणी संपांच्या काळापासून कम्युनिस्टांना आंबेडकर कामगारांत फूट पाडणारे वाटत. कम्युनिस्टांच्या कामगार संघटना अस्पृश्य कामगारांच्या गाऱ्हाण्यांकडे दुर्लक्ष करतात, हे आंबेडकरांचे जुने म्हणणे होते. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे, ही त्यांतील सर्वांत बोचरी गोष्ट होती.

डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनी डांगे व इतरांविरुद्ध संयुक्त निवडणूक अर्ज दाखल केला. एकूण ७४,३३३ मते बाद ठरविली गेली व दुहेरी मतदानाच्या पद्धतशीर प्रचारामुळे निवडणूक दूषित झाली, असे त्यात म्हटले होते. बाद मतांचा हा आकडा आंबेडकरांच्या पराभवातील अंतराच्या पाचपट होता. निवडणूक न्यायाधिकरणाने हा अर्ज फेटाळला. कायद्याने दुसरे मत वापरण्याची सक्ती केली नव्हती. वापरले नाही, तर ते वाया जाण्यापलीकडे शिक्षाही नव्हती. अशा स्थितीत ते वाया घालविण्याचा सल्ला भ्रष्टाचाराच्या सदरात बसविणे अवघडच होते. बाद झालेली मते वैधपणे पडती, तर कोणाला मिळाली असती, हेही सिद्ध करण्याजोगे नव्हते.

१९५२ मध्येच डॉ. आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आले व अखेरपर्यंत तेथे सदस्य राहिले. त्या निवडणुकीत फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. त्या सोलापूर (पां. ना. राजभोज) व हैदराबाद राज्यातील करीमनगर (एम्. आर्. कृष्ण) या होत. या दोन्ही जागा द्विसदस्य मतदारसंघांतील होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सोलापुरात राजभोज यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले. मित्रपक्षाचे दुसरे मत जेथे प्रामाणिकपणे मिळाले, तेथे हीच पद्धत फेडरेशनला उपकारक ठरली, असे म्हणता येईल.

मुंबईच्या निकालाची जणू पुनरावृत्ती दोन वर्षांनी भंडारा येथे झाली. तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या या द्विसदस्य मतदारसंघातील १९५२ ची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रद्द ठरविली. या निर्णयाची दोन कारणे होती. विजयी उमेदवार चतुर्भुज जसानी हे भागीदार असलेल्या पेढीचा शासनाशी विड्या पुरविण्याचा करार होता. आणि गंगाराम ठवरे या महार उमेदवाराने महानुभाव पंथ स्वीकारल्याचे कारण देऊन त्याचे नामनिर्देशन नाकारले गेले होते. पंथ स्वीकारल्याने त्याची जात संपत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. धर्मांतर व अनुसूचित जातींचे हक्क यांविषयीच्या नंतरच्या खटल्यांत हा निर्णय वारंवार आधारभूत मानला गेला. मे १९५४ मधील पोटनिवडणुकीत मेहता व आंबेडकर ही जोडी पुन्हा उभी राहिली. या खेपेस मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आंबेडकर पराभूत झाले. या निवडणुकीत अनुयायांनी सर्वसाधारण जागेचे मत कुजविण्याची अनुमती मागितली असता त्यांनी ती दिली नाही, अशी हकीकत त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून सांगितली जाते. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील राखीव जागाच रद्द कराव्यात, असा ठराव केला. त्या भूमिकेमागे या दोन निवडणुकांचा अनुभव असावा, असे मानण्यास जागा आहे.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले व मतदारसंघांच्या सीमा नव्याने ठरल्या. जुन्या मुंबई शहर उत्तरचे द्विसदस्य स्वरूप मुंबई शहर मध्य या नव्या मतदारसंघाकडे आले. मुंबई शहर उत्तर हे नाव एका एकसदस्य मतदारसंघास देण्यात आले व तेथून १९५७ आणि १९६२ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. १९६२ ची मेनन–कृपलानी लढत गाजली ती याच नावाच्या मतदारसंघात; त्यामुळे १९५२ च्या मतदारसंघाशी त्याची गल्लत होण्याचा संभव असतो.

मुंबई शहर मध्यचे आयुष्यही एकाच लोकसभेपुरते होते. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली. डॉ. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले होते. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष व फेडरेशन हे सर्व आता संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र होते. समितीतर्फे डांगे व फेडरेशनचे जी. के. माने यांची जोडी उभी राहिली आणि दोघेही निवडून आले. ज्या गिरणगावात पाच वर्षांपूर्वी एकमेकांची मते कुजविल्याचे आरोप झाले, तेथेच डांगे यांच्या मतदाराने दुसरे मत फेडरेशनच्या पेटीत टाकले. मतदानाचा नियम तोच होता, मतदारही बव्हंशी तेच होते. बदलली होती ती चळवळ.

द्विसदस्य पद्धतीविषयीची नाराजी एव्हाना देशभर वाढली होती. १९५७ मध्ये ४९४ जागांसाठी ४०३ मतदारसंघ होते व त्यांतील ९१ द्विसदस्य होते. क्षेत्र मोठे, खर्च दुप्पट, आणि कोणत्या सदस्याने कोणाचे प्रश्न मांडावयाचे याची स्पष्टता नाही, अशा तक्रारी होत्या. त्यांत आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरमच्या निकालाची भर पडली. तेथे अनुसूचित जमातींचे दोन उमेदवार मतांच्या क्रमात वरचढ ठरले. एकाला राखीव व दुसऱ्याला सर्वसाधारण जागा मिळाली आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. गिरी यांनी दाद मागितली; परंतु राखीव जागा ही किमान हमी आहे, कमाल मर्यादा नव्हे, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. राजकीय पक्षांना तो रुचला नाही. १९६१ च्या अधिनियमाने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करून प्रत्येकाचे दोन भाग करण्यात आले व ज्या भागात अनुसूचित जातींचे वा जमातींचे प्रमाण अधिक, तो राखीव ठेवण्यात आला. यामुळे मते कुजण्याचा प्रश्न संपला. त्याचबरोबर राखीव भागातील इतर मतदारांपुढे केवळ अनुसूचित जातींचेच उमेदवार उरले, तर उरलेल्या भागातील दलित मतदारांचा राखीव प्रतिनिधी निवडण्यातील सहभाग नाहीसा झाला. जुन्या पद्धतीत हे दोन्ही दोष नव्हते.

या अधिनियमानुसार मुंबई शहर मध्यचे मध्य उत्तर (राखीव) व मध्य दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. १९६२ मध्ये पहिल्यातून काजरोळकर व दुसऱ्यातून, डांगे यांचा पराभव करून, विठ्ठल गांधी निवडून आले. १९५२ ची विजयी जोडी दहा वर्षांनी दोन स्वतंत्र मतदारसंघांतून पुन्हा लोकसभेत गेली. १९६७ च्या निवडणुकीपूर्वी झालेल्या पुनर्रचनेत ‘मुंबई शहर’ हे उपपद असलेली नावे मागे पडली. त्या वर्षी डांगे मुंबई मध्य दक्षिणमधून पुन्हा निवडून आले.